ठेवीदाराला मत नसतं

(वाचकांच्या पत्रांना उत्तरं. लेखिका सहकारी संस्थांच्या निवृत्त लेखापरीक्षक आहेत.)

प्रश्न : ताई, माझं वय ६६. लालबागला चाळीत राहते. मिस्टर गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर देणी हातात यायला फार वर्षं गेली. ती देणी आणि माझी पोळीभाजीच्या डब्यांतली बचत मिळून सात लाख चाळीस हजार आम्ही नाक्यावरच्या सहकारी बँकेत ठेवले. मिस्टर म्हणायचे, आपल्या माणसांची बँक आहे, सही जुळली नाही तर हाकलून देत नाहीत, खुर्ची देतात. ते तीन वर्षांपूर्वी गेले. आता बँकेवर निर्बंध आलेत, पैसे काढता येत नाहीत. बँकेचे अध्यक्ष एका पक्षाचे पुढारी आहेत. त्यांच्याकडे गेले तर म्हणाले, रिझर्व्ह बँकेला विचारा. आमदारांच्या माणसानं एका सरकारी कचेरीचा पत्ता दिला. कचेरीत म्हणाले, बँकेत जा. आणि यंदा गणपतीत तेच अध्यक्ष आमच्या मंडळाच्या स्टेजवर शाल-श्रीफळ घेत होते. मुलगा म्हणतो, आई, सगळेच चोर आहेत, आता सोड. सोडू का?
एक वाचक, लालबाग

उत्तर : वहिनी, आधी पैशाचं बोलू.

निर्बंध आले म्हणजे बँकिंग नियमन कायद्याचं कलम ३५अ लागलं. बँकेतली माणसं त्याला नुसतं ‘पस्तीस-ए’ म्हणतात, आणि म्हणताना त्यांचा आवाज खाली येतो. पूर्वी हे लागलं की परवाना रद्द होऊन बँक अवसायनात, म्हणजे गुंडाळायला, जाईपर्यंत ठेवीदाराला विम्याचा पैसा मिळायचा नाही. पुण्यातल्या रुपी बँकेवर २०१३ साली निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला २०२२ साली. मधली नऊ वर्षं म्हातारी माणसं स्वतःच्याच पैशासाठी अर्ज करत राहिली. ऑपरेशनला एवढे द्या, मुलीच्या लग्नाला एवढे द्या.

२०२१ साली ठेव विम्याचा कायदा दुरुस्त झाला. आता निर्बंध लागल्यापासून ४५ दिवसांत बँकेनं ठेवीदारांची यादी ठेव विमा महामंडळाला द्यायची, महामंडळानं ती ३० दिवसांत तपासायची आणि त्यापुढच्या १५ दिवसांत पैसे द्यायचे. एकूण ९० दिवस. बँक दुसऱ्या बँकेत विलीन करायचं घाटत असेल तर रिझर्व्ह बँक ही मुदत आणखी ९० दिवस वाढवू शकते. विम्याची रक्कम घ्यायला तुम्ही तयार आहात असं लेखी द्यावं लागतं आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा नंबर द्यावा लागतो. तो कागद दिला नसेल तर उद्याच द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर बँकेचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

विमा ५ लाखांपर्यंत आहे. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं, आणि त्या बँकेच्या सगळ्या शाखांमधल्या तुमच्या ठेवी एकत्र धरतात. सगळे पैसे तुमच्या एकटीच्या नावावर असतील तर २ लाख ४० हजार आणि त्यावरचं व्याज अडकेल. पण एक करा. पिशवीतल्या सगळ्या पावत्या काढा आणि प्रत्येक पावतीवर नावं कोणत्या क्रमानं आहेत ते वहीत उतरवून घ्या. एकटीच्या नावाची ठेव आणि मुलाबरोबरची संयुक्त ठेव यांचा विमा वेगवेगळा असतो. संयुक्त ठेवीतही तुमचं नाव आधी आणि मुलाचं नंतर, किंवा उलट, असं असेल तर ती दोन वेगळी खाती धरतात. मिस्टरांच्या नावाची पावती अजून तशीच असेल तर तिचाही हिशेब निराळा. कित्येकांचा उरलेला पैसा या बारकाव्यात सुटलेला मी पाहिलाय.

आता, सोडू का, ते.

हे ५ लाख आणि हे ९० दिवस कुठून आले, ते मुलाला सांगा. १९९३ पासून ही मर्यादा १ लाख होती. २७ वर्षं कुठल्याही सरकारला ती वाढवावीशी वाटली नाही. २३ सप्टेंबर २०१९ ला पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले. सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. एकाच बिल्डर समूहाला दिलेलं बुडीत कर्ज लपवायला त्या बँकेत २१,०४९ बोगस खाती उभी केली होती. विधानसभेची निवडणूक महिन्यावर आलेली. केंद्रीय अर्थमंत्री मुंबईत आल्या तेव्हा ठेवीदारांनी त्यांना पक्षाच्या कार्यालयाबाहेर गाठलं. या बँकांचं नियमन रिझर्व्ह बँक करते, असं उत्तर त्यांना मिळालं. तुमच्या अध्यक्षांनी दिलं तेच. पण ती माणसं घरी गेली नाहीत. सायनची, भांडुपची, मुलुंडची, दुकानदार, निवृत्त शिक्षिका, डबे करणाऱ्या बाया, सगळी कोर्टाबाहेर, रिझर्व्ह बँकेबाहेर उभी राहिली. फेब्रुवारी २०२० मध्ये मर्यादा ५ लाख झाली. पुढच्या वर्षी ९० दिवसांचा कायदा आला. त्यांचे स्वतःचे पैसे अजून पूर्ण सुटलेले नाहीत. मोठ्या रकमांना दहा वर्षांपर्यंतचे हप्ते बांधून दिलेत. पण तुम्हाला मिळणार असलेले ५ लाख त्यांच्या उन्हात उभं राहण्यातून आलेत.

तुमच्या मुलाचा राग मला कळतो. ‘सगळेच चोर’ या शब्दांनी मात्र तुमचे अध्यक्ष सुटतात. सगळ्यांत ते कुठे सापडणार?

बँक बुडते ती सह्यांनी बुडते. मी पाहिलेलं सांगते, कारण त्यात माझीही सही आहे. १९९० च्या दशकात उपनगरातल्या एका सहकारी बँकेच्या तपासणीला गेले होते. नाव सांगत नाही, ती बँक आज नाही. दुपारी एक कर्जाची फाइल उघडली. कर्ज मंजुरीचा संचालक मंडळाचा ठराव मार्चच्या ४ तारखेचा, आणि तारण जागेचा मूल्यांकन अहवाल २१ तारखेचा. जागेची किंमत कळायच्या सतरा दिवस आधी कर्ज मंजूर. दोन जामीनदारांच्या अर्जांचं अक्षर एकच, शाईसुद्धा एकच. पुढची फाइल त्याच माणसाच्या मेहुण्याची. त्या कर्जातून पहिल्या खात्याचे थकलेले हप्ते ३१ मार्चला भरलेले, म्हणजे कागदोपत्री दोन्ही खाती नियमित. मी सगळं टिपलं. संध्याकाळी वरिष्ठांनी चहा मागवला आणि म्हणाले, हे गंभीर दोषात नको, किरकोळ सूचनांमध्ये टाका, बँक भागातल्या लोकांची आहे, उगाच घबराट होईल. मी तेव्हा तिशीची होते, नोकरी नवी होती, घरी सासऱ्यांचं आजारपण. मी परिच्छेद हलवला. बँकेला ‘अ’ वर्ग मिळाला. तो ‘अ’ चौकटीत घालून त्यांनी काउंटरच्या मागे लावला, गणपतीच्या फोटोशेजारी. सहा वर्षांनी बँक बंद झाली. त्या ‘अ’कडे बघून किती जणांनी पैसे ठेवले असतील, हे मोजायची हिंमत मला आजवर झाली नाही.

म्हणून सांगते, वहिनी, तुमच्या बँकेतही सह्या आहेत. कर्ज कोणत्या सभेत मंजूर झालं, त्या सभेला कोण हजर होतं, विरोध कुणी नोंदवला, लेखापरीक्षकानं कोणता वर्ग दिला, हे सगळं कागदावर आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८३ खाली चौकशी होते आणि ८८ खाली नुकसानीची रक्कम संचालकांवर नावानिशी निश्चित करता येते. सहकारात त्याला ‘अठ्ठ्याऐंशीची चौकशी’ म्हणतात. ती लांबते, अपिलात अडकते. पुढाऱ्यांचा सगळा जोर ती लांबवण्यावरच असतो. २०११ साली राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ रिझर्व्ह बँकेनं बरखास्त करायला लावलं, तेव्हा त्या मंडळावर एरवी एकमेकांवर तुटून पडणाऱ्या पक्षांची मंडळी शेजारी शेजारी बसत होती. बँकेच्या निवडणुकीत पक्ष नसतो, पॅनेल असतं.

आणि यात एक गोष्ट फार थोड्या ठेवीदारांना माहीत असते. तुम्हाला त्या बँकेत मतच नव्हतं. सहकारी बँकेत मत सभासदाचं, म्हणजे शेअर घेतलेल्याचं. कर्ज घ्यायचं तर शेअर घ्यावेच लागतात. ठेव ठेवायला लागत नाहीत. त्यामुळे अनेक बँकांत मतदार यादी मुख्यतः कर्जदारांची असते. ज्यांना पैसे हवेत ते मालक, आणि ज्यांचे पैसे आहेत ते खुर्चीवर बसून चहा पिणारे पाहुणे. मिस्टरांना मिळालेली ती खुर्ची आठवून मला वाईट वाटलं.

करायचं काय? चाळीतले, आजूबाजूचे ठेवीदार गोळा करा. वीस असले तरी चालतील. सगळ्यांच्या सह्यांचं एकच निवेदन सहकार आयुक्तांना द्या, की ८३ ची चौकशी लावा आणि ८८ ची जबाबदारी निश्चित करा. त्याची प्रत आर्थिक गुन्हे शाखेला. निवेदनात ‘भ्रष्टाचार’ हा शब्द एकदाही घालू नका. तारीख, रक्कम, पावती क्रमांक घाला. आणि एक प्रत तुमच्या मंडळाच्या कार्यकर्त्यांना. त्यांना घरी बोलवा, पावत्या त्यांच्यासमोर मांडा आणि सांगा, पुढच्या वर्षी या माणसाला स्टेजवर बसवायचं असेल तर आधी आमच्या चाळीत येऊन बसायला सांगा. तुमच्याच हातचे मोदक खाऊन मोठी झालेली पोरं आहेत ती, ऐकतील.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी १९ वर्षांचा, कुर्ल्याला राहतो, कॉलेजला बेस्टनं जातो. साध्या बसचं किमान भाडं ५ चं १० झालं, एसीचं ६ चं १२. बाबा म्हणतात बेस्ट तोट्यात आहे, वाढणारच. पण मुंबई महापालिका देशातली सर्वांत श्रीमंत ना? मग तोटा कसला?
एक विद्यार्थी

उत्तर : तुझा प्रश्न बरोबर जागी लागलाय, बाळा.

जुलै २०१९ मध्ये भाडं ८ वरून ५ रुपयांवर आणलं होतं. त्याआधी जानेवारीत कामगारांचा नऊ दिवसांचा संप झाला होता. भाडं कमी करताना बोलणं असं होतं की बस वाढवू, लोक वाढतील, त्यातून उत्पन्न येईल. स्वतःच्या मालकीच्या ३,३३७ बस ताफ्यात ठेवायचं कामगार संघटनेबरोबर लेखी ठरलं होतं. झालं काय, तर जुन्या बस भंगारात गेल्या आणि नव्या घेतल्या नाहीत. एके काळी साडेचार हजारांच्या आसपास बस असलेल्या बेस्टकडे आज स्वतःच्या काही शे उरल्यात. बाकीच्या भाड्याच्या, ज्याला ‘वेट लीज’ म्हणतात, म्हणजे बस आणि ड्रायव्हर कंत्राटदाराचा, पाटी बेस्टची. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री अशाच एका बसनं कुर्ल्यात माणसं चिरडली, ते तुला मी सांगायला नको.

तोट्याचं म्हणशील तर शहरी बस जगात फार थोड्या ठिकाणी फक्त तिकिटावर चालते. पूर्वी बेस्टच्या वीज विभागातून बसचा तोटा भरून निघायचा. ती वाट पुढे बंद झाली. मग पैसा पालिकेनंच द्यायला हवा, कारण बेस्ट पालिकेचाच उपक्रम आहे, १९४७ पासून. २०२५-२६ चं पालिकेचं बजेट होतं ७४,४२७ कोटींचं. त्यात बेस्टला दिले १,००० कोटी. शंभर रुपयांतले दीड रुपयाहून कमी. त्याच पालिकेनं मोटारवाल्यांसाठी किनारी रस्ता बांधला, त्याचा खर्च १३ हजार कोटींच्या वर. त्यावरून जायला टोल नाही. बसला मात्र तिकीट दुप्पट. तोटा म्हणजे आकाशातून पडलेला पाऊस नव्हे. कुणाला किती द्यायचं हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं.

कुणी ठरवलं, हे तर आणखी वाईट आहे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. वॉर्ड २२७ ठेवायचे की २३६ करायचे, ओबीसी आरक्षणाचं काय, असं करत प्रकरण कोर्टात गेलं आणि निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. जवळजवळ चार वर्षं पालिकेत एकही नगरसेवक नव्हता, स्थायी समिती नव्हती, बेस्ट समिती नव्हती. आयुक्तच प्रशासक. ज्यानं प्रस्ताव मांडायचा त्यानंच तो मंजूर करायचा. भाडेवाढ झाली ९ मे २०२५ ला, म्हणजे याच काळात. सभागृहात उभं राहून ‘कुर्ल्याच्या पोरानं रोजचे वीस रुपये कुठून आणायचे’ असं विचारायला कुणी नव्हतंच. राज्यात या चार वर्षांत सरकारं बदलली, पक्ष फुटले, पण निवडणुकीची घाई सत्तेवरच्या कुणालाच झाली नाही. याचा मला संताप आहे. तुझ्या बाबांनाही तो व्हायला हवा.

आता तुमच्या वॉर्डात नगरसेवक आहे. त्याच्याकडे जाताना रिकाम्या हातानं जाऊ नकोस. आधी माहितीच्या अधिकारात अर्ज टाक. १० रुपये फी, महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो. एवढंच विचार : माझ्या मार्गावर गेल्या महिन्यात रोजच्या ठरलेल्या फेऱ्या किती, आणि प्रत्यक्ष झालेल्या किती? ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील कर, २० रुपये लागतात. आलेला कागद घेऊन नगरसेवकाकडे जा. मला पण एक प्रत पाठव.

प्रश्न : ताई, तुम्ही इतरांना सांगता, पण तुमचे स्वतःचे पैसे कुठे आहेत?
एक वाचक, डोंबिवली

उत्तर : विचारलंत ते चांगलं केलंत. पेन्शन राष्ट्रीयीकृत बँकेत येतं. आणि दादरच्या एका सहकारी बँकेत ठेव आहे, व्याज धरून ५ लाखांच्या आत राहील अशी. सहकारी बँकांवरून माझं मन उडालेलं नाही. माझ्या आईला १९७० च्या सुमाराला शिलाई मशीनसाठी कर्ज दिलं ते अशाच एका बँकेनं. मोठ्या बँकेच्या दारातला शिपाई तिला आत सोडत नव्हता. त्या मशीनवर आम्ही तिघी बहिणी शिकलो. ही बँका काढणारी माणसं गिरणगावातली, गिरगावातली, पगारातून दहा-दहा रुपये काढून शेअर घेणारी होती. त्यांनी उभं केलेलं पुढाऱ्यांनी खाल्लं, म्हणून मला राग आहे.

मी त्या बँकेची नुसती ठेवीदार नाही, सभासद आहे. शेअर घेतलेत. वार्षिक सभा दरवर्षी ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. सभेत पहिली पंधरा मिनिटं सत्कार, मग अहवाल ‘वाचला असे समजावे’, मग मंजूर-मंजूर, मग वडा आणि पेढा. गेल्या सप्टेंबरात मी अहवालाचं पान उघडून उभी राहिले आणि विचारलं, पहिल्या वीस कर्जदारांकडे मिळून एकूण कर्जाच्या किती टक्के रक्कम आहे? मागून कुणीतरी म्हणालं, बसा आजी, वडे गार होतायत. अध्यक्ष म्हणाले, लेखी कळवू. माझ्या शेजारी एक रिक्षावाले बसले होते, पहिल्यांदाच सभेला आलेले. ते उभे राहिले आणि म्हणाले, मलाही लेखी कळवा. मग त्यांच्या मागे आणखी चार जण उठले.

लेखी अजून आलेलं नाही. दोन स्मरणपत्रं दिलीत. दोन्हींच्या प्रतींवर शिक्का आहे. दुसऱ्यावर आम्हा सहाही जणांच्या सह्या आहेत.